धूर, धुराडे आणि राबणारे हात

स्वयंपाकघरातला धूर हा राजकारणाचा विषय आहे असे म्हटले की अजूनही अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष, शिक्षकांच्या रिकाम्या जागा हे राजकारणाचे विषय. चूल आणि धुराडे ही घरातली बाब, ती बायकांनी पाहून घ्यावी, ही समजूत स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मनातूनही पुरती गेलेली नाही. निदान वर्धा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याला तरी ही समजूत शोभत नाही. धूर घराबाहेर कसा काढायचा, हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या कार्यक्रमात ज्या ठिकाणी गंभीरपणे घेतला गेला, ते ठिकाण वर्ध्यातच आहे.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची वर्ध्यात स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघाला दिली, तिला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे ग्रामोद्योगांच्या प्रयोगांना शिस्तशीर आकार दिला. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांच्या जोडीने रोजच्या घरातल्या दोन वस्तूंचा विचार तेथे झाला. एक, रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा मगनदीप आणि दुसरी, १९४० च्या दशकात पुढे आलेली मगन चूल. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही या कामाची साक्ष देत उभे आहे.

मगन चुलीचे तत्त्व साधे होते. सरपण घालण्याचे तोंड एक, जाळ बंदिस्त मातीच्या पोटातून एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जाणारा, आणि शेवटी उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर. गरम हवा वर चढते व आपल्यामागे ताजी हवा ओढून घेते. धुराड्याची उंची नीट धरली तर पंख्याशिवायच धूर बाहेर जातो. माती गावातली, हात गावातले, यंत्र कोठून आणावयाचे नाही. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनीही याच दिशेने काम केले व १९५३ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. म्हणजे धूर बाहेर काढण्याची विद्या आपल्याकडे तेव्हापासून उपलब्ध आहे. पाऊणशे वर्षांनंतरही लाखो घरांत बाई धुरात बसून भाकरी थापत असेल, तर दोष विद्येच्या अभावाचा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

हा धूर म्हणजे केवळ डोळ्यांची जळजळ नव्हे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरणारे अतिसूक्ष्म कण असतात. श्वसनमार्गाचे जुनाट विकार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि लहान मुलांतील न्यूमोनिया यांच्याशी त्याचा संबंध वैद्यकशास्त्राने जोडून दाखवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या प्रदूषित हवेमुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. वर्धा हा कापूस आणि तुरीचा जिल्हा. हंगाम संपला की शेतातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या घरामागे रचल्या जातात आणि वर्षभर चुलीत जातात. हे जळण फुकट असते, पण ते भर्रकन पेटते आणि भर्रकन विझते. त्यामुळे बाईला चुलीपासून हलता येत नाही. काडीमागून काडी सारत तिला धुराच्या तोंडाशीच बसावे लागते. फुकट सरपणाची किंमत अशी दुसऱ्याच खात्यावर चढते, आणि ते खाते कोणी लिहून ठेवत नाही.

शासनाने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर राबवला गेला. २००२ मध्ये केंद्राने तो गुंडाळला, तोपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. चुली बांधण्यासाठी गावोगावच्या स्त्री-पुरुषांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन ‘स्वयंरोजगारी कामगार’ म्हणून तयार करण्यात आले. कल्पना उत्तम होती. परंतु या कामगाराचा मोबदला बसवलेल्या चुलींच्या नगावर ठरला. चूल बसली, नोंद झाली, पैसे मिळाले, काम संपले. पहिल्या पावसाळ्यानंतर धुराड्यात काजळी साचते, जोडाशी माती भेगाळते, वरची टोपी वाऱ्याने उडते. त्या वेळी कोणी यावयाचे, आणि आला तर त्याला पैसे कोणी द्यावयाचे, याची तरतूद अपुरी राहिली. गावाने मग जे करावयाचे तेच केले. धुराडे काढून टाकले, चुलीचे तोंड फोडून मोठे केले आणि धूर पुन्हा घरात घेतला.

ही केवळ तर्काची बाब नाही. ओडिशात ग्रामविकास या संस्थेने बसवलेल्या धुराड्याच्या चुलींचा अभ्यास रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. ४४ गावे, सुमारे २६०० कुटुंबे आणि चार वर्षांचा काळ असा त्याचा आवाका होता. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर खरोखर कमी झाला. पुढे मात्र लाभ ओसरला, कारण चुलींचा नियमित वापर झाला नाही आणि दुरुस्तीही झाली नाही. काहींनी यावरून सुधारित चूलच निरुपयोगी ठरवली. आमच्या मते निष्कर्ष वेगळा निघतो. पहिल्या वर्षीचा लाभ चूल चांगली असल्याचे सांगतो. नंतरची घसरण, तिला राखणारा हात नव्हता हे सांगते. चीनने १९८२ ते १९९२ या दशकात सुमारे १२ कोटी ९० लाख सुधारित चुली बसवल्या. तेथे जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण ऊर्जा कार्यालये होती, प्रशिक्षित कारागिरांची फळी होती आणि चुलीचे भाग बनवणारे स्थानिक उद्योग उभे राहिले होते. वस्तू पोचवणे आणि व्यवस्था उभी करणे या दोन गोष्टींतला फरक या तुलनेत स्पष्ट दिसतो.

त्यानंतर आली उज्ज्वला योजना. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे तिचा आरंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादेस, आठ कोटींवी जोडणी समारंभपूर्वक देण्यात आली. गॅस घरी पोचला ही गोष्ट लहान नाही. तिची टिंगल करणे आम्हांस मान्य नाही. परंतु जोडणी म्हणजे स्वयंपाक नव्हे. उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबाने २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन आणि २०२३-२४ मध्येही जेमतेम चार सिलिंडर घेतले, असे सरकारचेच आकडे सांगतात. सवलतीसाठी मात्र सरकारने वर्षाला बारा सिलिंडरांची मर्यादा धरली होती. बारा आणि चार यांच्यामधली पोकळी पऱ्हाट्यांनी भरली जाते. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचे पाणी चुलीवर, असा संसार गावोगावी चालू आहे. जोवर चूल पेटते आहे तोवर तिला धुराडे लागणार, आणि धुराड्याला माणूस लागणार. गॅस आला म्हणून चुलीचा विचार सोडून देणे म्हणजे अर्ध्या स्वयंपाकाकडे पाठ फिरवणे होय.

येथवर गावाचे झाले. शहरातला वाचक कदाचित म्हणेल, आमच्याकडे चूल नाही, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे गेल्या काही वर्षांत सदनिका उभ्या राहिल्या. कवेलूच्या छपराच्या जुन्या घरात धूर फटीफटीतून तरी निघून जाई. काँक्रीटच्या बंद खोलीत तोही मार्ग उरला नाही. गॅसच्या ज्वाळेतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तापलेल्या तेलाच्या फोडणीतून सूक्ष्म कण आणि तेलकट वाफ निघते. तेव्हा शहरातली गृहिणी जेव्हा विजेची चिमणी घ्यावी म्हणते, तेव्हा ती चैन मागत नाही. मगनवाडीने जो प्रश्न विचारला तोच ती विचारते आहे. फरक एवढाच की तिला उत्तर देण्यासाठी कार्यशाळेऐवजी बाजार उभा आहे, आणि बाजार आपल्या सोयीचे उत्तर देतो.

म्हणून या खरेदीतल्या चार गोष्टी कार्यकर्त्यांनी स्वतः समजून घ्याव्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगाव्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या चिमणीची नळी घराबाहेर जात नाही ती खऱ्या अर्थाने चिमणीच नव्हे. नळीशिवाय चालणारी, कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून पुन्हा खोलीतच सोडणारी यंत्रे मिळतात. ती तेलाचा काही अंश व काही वास अडवतात. पण ज्वलनातून निघालेले वायू आणि वाफ पुन्हा स्वयंपाक करणारीच्याच अंगावर येतात. दुसरी गोष्ट शोषणक्षमतेची. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २३ घनमीटर हवा मावते. ती ताशी पंधरा वेळा बदलावयाची म्हटले तर ताशी साडेतीनशे घनमीटरांच्या आसपास क्षमता लागते; तळण फार होत असेल तर त्याच्या दुप्पट धरावी. दुकानदार बाराशे-पंधराशेचा आकडा तोंडावर फेकतो. तो आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. नळी लांब असली, तिला तीन-चार वळणे असली, की तो बराच खाली येतो. मोठ्या आकड्यापेक्षा सहा इंची रुंद, आखूड आणि कमी वळणांची नळी अधिक उपयोगी ठरते.

तिसरी गोष्ट बसवण्याची. चिमणीचे छत्र शेगडीच्या रुंदीपेक्षा कमी नसावे आणि शेगडीपासून साधारण सव्वादोन ते अडीच फूट उंचीवर असावे. फार वर गेले तर धूर बाजूने निसटतो, फार खाली आले तर आग लागण्याची भीती. पंखा हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा आत यावयास हवी, म्हणून चिमणी चालू असताना समोरची खिडकी किंवा दार किलकिले ठेवावे लागते. बंद खोलीत यंत्र नुसते गुरगुरत राहते. चौथी गोष्ट सफाईची. आपल्या फोडणीच्या तेलाने बारीक जाळीची गाळणी लवकर बुजते. वळणाच्या पट्ट्यांची गाळणी त्या मानाने टिकाऊ व धुण्यास सोपी. ती महिन्या-दोन महिन्यांनी गरम पाण्यात सोडा घालून धुतलीच पाहिजे. साचलेले तेल हे जळणच असते, हे विसरू नये. आणि ज्याला चिमणी परवडत नाही, त्याने संकोच करू नये. ओट्याच्या वर, छताजवळ, बाहेरच्या भिंतीत बसवलेला साधा बाहेर फेकणारा पंखा आणि त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी एवढ्यानेही बंद खोलीतला धूर पुष्कळ कमी होतो. महागडे पण नळी नसलेले यंत्र घेण्यापेक्षा हा पंखा केव्हाही शहाणपणाचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ही चिमणी बसवतो कोण? कंपनीचे नाव यंत्रावर असते, पण भिंतीला भोक पाडणारा तरुण सहसा कंपनीचा नोकर नसतो. कंपनीने काम एजन्सीला दिलेले असते आणि एजन्सी त्याला नगावर बोलावते. ड्रिल मशीन त्याचे, दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर अर्धे अंग काढून नळीचे तोंड बसवताना कमरेला दोर नसतो. पडला तर तो कोणाचाच कामगार नसतो. मोठ्या शहरांत हेच काम मोबाइलवरून मागवले जाते. तेथे कामगाराला ‘भागीदार’ म्हणतात, त्याच्या कमाईतून कमिशन कापतात आणि ग्राहकाने दिलेल्या ताऱ्यांवर त्याचे पुढचे काम ठरते. या भागीदारीचे खरे रूप ऑक्टोबर २०२१ मध्ये देशाला दिसले. घरपोच सेवा देणाऱ्या अर्बन कंपनीच्या गुरुग्राममधील कार्यालयासमोर सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रियांनी वाढते कमिशन आणि दंड यांविरुद्ध निदर्शने केली. डिसेंबरात त्या पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनी आपल्या या ‘भागीदारां’विरुद्ध न्यायालयात गेली.

सुधारित चुलीचा स्वयंरोजगारी कामगार आणि आजचा चिमणी बसवणारा तरुण यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर आहे, पण दोघांची स्थिती एकच. दोघांनाही नगावर पैसे, दोघांनाही पुढच्या देखभालीची जबाबदारी नाही आणि तिचा मोबदलाही नाही. अशा व्यवस्थेत काम घाईने होते, नळी जवळच्या वाटेने बाल्कनीतच सोडली जाते, जोड उघडे राहतात, आणि मग ग्राहक त्या पोराला शिव्या देतो. बिघाडाचे मूळ त्याच्या हातात नसून त्याच्या कामाच्या अटींत आहे, हे ओळखण्याची दृष्टी निदान आपल्या कार्यकर्त्यांना असावयास हवी.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर परके नाही. १९६९ मध्ये या राज्याने माथाडी कायदा केला. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून तो कोणाचाच कामगार नाही, हा युक्तिवाद त्या कायद्याने खोडून काढला. कामगार, मालक व शासन यांचे मंडळ, त्या मंडळाकडे कामगाराची नोंदणी, मजुरीवर आकारलेली लेव्ही आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार अशी ती रचना आहे. २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही येथे झाला, परंतु त्याला लेव्हीचा कणा मिळाला नाही आणि मंडळ अशक्त राहिले. राजस्थानने २०२३ मध्ये मंचावरून काम करणाऱ्या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. मोबाइलवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी, अशी तरतूद तीत आहे. परंतु हिंगणघाटच्या किंवा देवळीच्या ज्या फिटरला एजन्सीचा फोन येतो आणि ज्याचे नाव कोणत्याही मंचावर नाही, त्याच्यापर्यंत ती कशी पोचणार? त्याच्यासाठी माथाडीच्या धर्तीची नोंदणी आणि लेव्ही हाच मार्ग आहे. यंत्र विकणाऱ्या कंपनीने व एजन्सीने प्रत्येक जोडणीमागे ठरावीक रक्कम मंडळात भरली, तर यंत्राची किंमत फार वाढणार नाही आणि कामगाराच्या पाठीशी मात्र काही उभे राहील.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. आपल्या घरी काम करावयास येणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो, येथून आरंभ करता येईल. काम सांगण्यापूर्वी मजुरी ठरवावी आणि त्यात नळी, जोड व भिंतीचे छिद्र बुजवणे धरले आहे की नाही हे स्पष्ट करून घ्यावे. नळी बाहेर कोठे उघडणार हे त्याच्यासह आधी पाहावे. शेजाऱ्याच्या खिडकीत धूर सोडणे हा उपाय नव्हे. काम झाल्यावर यंत्र चालू करून छत्राखाली पेटती उदबत्ती धरावी; धूर सरळ वर ओढला गेला तर काम पक्के. पावती घ्यावी, पैसे त्याच दिवशी द्यावे, आणि त्याचा स्वतःचा क्रमांक जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या सफाईचे पैसे मधल्या हाताऐवजी त्याच्याच हातात पडतील. उंचीवरचे काम दोराशिवाय करू देऊ नये, घाई असली तरी. आणि त्याला पाणी आपल्याच घरच्या पेल्यातून द्यावे. तेलाने माखलेली गाळणी धुणाऱ्या हाताला वेगळा पेला काढून ठेवणारी घरे अजून आहेत, आणि त्यांत समतेची भाषणे ऐकून आलेली घरेही आहेत.

याहून पुढचे काम संघटनेचे आहे. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत शाखांनी दोन याद्या कराव्या: कोणत्या घरांत चूल रोज पेटते आणि धुराडे नाही याची एक, आणि गवंडी, कुंभार, वायरमन, फिटर अशा हातांनी काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची दुसरी. या दोन याद्या एकत्र ठेवल्या की काम कोणाचे आणि ते करणारे कोण, हे आपोआप दिसेल. त्यांची सहकारी संस्था उभी करता येईल. ग्रामपंचायतीने तिला दरवर्षी पावसाळ्यानंतर धुराडी साफ करण्याचे व डागडुजीचे काम ठरल्या मजुरीने द्यावे, नगरपरिषदेने नव्या इमारतीच्या नकाशात स्वयंपाकघरातून बाहेर जाणाऱ्या नळीची जागा दाखवल्याखेरीज परवानगी देऊ नये, आणि उज्ज्वलाच्या कुटुंबाला वर्षभर पुरेल इतका गॅस परवडेल अशा दरात द्यावा, या मागण्या घेऊन पंचायतीपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जाता येईल. यांपैकी एकही मागणी अशक्य कोटीतली नाही.

डॉ. राममनोहर लोहियांनी स्त्रियांच्या पाण्याचा व शौचालयाचा प्रश्न राजकीय व्यासपीठावर आणला, तेव्हा अनेकांना तो हास्यास्पद वाटला होता. आज तो तसा कोणाला वाटत नाही. धुराचा प्रश्न त्याच जातीचा आहे. तो सोडवण्याचे तंत्र वर्ध्याच्या मातीत तयार झाले. त्या तंत्राला राखणारा कामगार प्रतिष्ठेने आणि सुरक्षिततेने उभा करणे एवढेच उरले आहे, आणि ते काम यंत्राचे नाही, संघटनेचे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने निदान एका गावाची यादी पुरी करावी, एवढी अपेक्षा आम्ही येथे नोंदवतो.